एका प्रश्नाची उधारी

मास्तर नोकरीतून निवृत्त होतो, पण मास्तरकीतून होत नाही, असे आमच्या घरातल्या मंडळींचे एकमुखी मत आहे. आमटीत मीठ जास्त पडले की मी 'द्रावण संपृक्त झाले' म्हणतो आणि सूनबाई काही न बोलता ताटात लिंबाची फोड ठेवते.

भिवंडीतल्या एका शाळेत मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. तेवढ्या काळात मुलांना हजारो प्रश्न विचारले, आणि उत्तर आले नाही म्हणून कितीकांना बाकावर उभे केले. पण एका मुलाने मला विचारलेला एक प्रश्न असा होता की, त्याचे उत्तर मला येत नव्हते आणि खाली बसवले मात्र मी त्यालाच. त्या प्रश्नाची उधारी यंदा गौरी-गणपतीत दारात येऊन उभी राहिली. तिचीच ही हकीकत. हकीकत घरगुती आहे. तिच्यात थोडे रसायनशास्त्र आहे खरे, पण वाचकहो, घाबरू नका. शेवटी परीक्षा नाही.

गौरी आल्या त्या दिवशीची संध्याकाळ. ब्राह्मण आळीतल्या आमच्या घरात स्वयंपाकघरातून करंज्यांचा वास येत होता, माजघरात आळीतल्या मुलींच्या फुगड्यांना रंग चढला होता, आणि मी झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करीत होतो. तेवढ्यात दारात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ उभा राहिला. सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली भोके, कपाळावर सरकवलेला काळा चष्मा, आणि हातात आमच्या नातवाचे बखोट.

"सर, हा तुमचाच ना?"

"आमचाच. काय केलं यानं?"

"केलं नाही अजून. करणार होता."

आमचे चिरंजीवांचे चिरंजीव यंदा दहावीत आहेत. दोन मित्रांना घेऊन ते धामणकर नाक्याकडच्या या गृहस्थाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले होते आणि त्यांनी कार्बाइड मागितले होते. कशाला, तर शाळेच्या प्रयोगाला. कोणी सांगितले, तर आजोबांनी! खरा बेत निराळाच होता. मोबाईलवर कुठेसे पाहून प्लास्टिकच्या नळीची तोफ करायची आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत उडवायची, असा तो बेत होता. याच खेळण्याने २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा केली. काहींची दृष्टी गेली. ती बातमी मी वाचली होती, आणि 'काय ही पोरे' म्हणून पान उलटले होते. आता तेच पोर माझ्या उंबऱ्यावर मान खाली घालून उभे होते, आणि वर माझेच नाव सांगून आले होते.

माझे हात थरथरत होते. रागाने की भीतीने, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बसा," मी म्हणालो. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"मला अहो-जाहो करू नका, सर. ओळखलं नाहीत? पद्मानगरातून यायचो मी. दहावीला तुमच्या वर्गात होतो. १९९६."

मी चष्मा पुसला. ओळख पटली, आणि ओळखीबरोबर तो तासही आठवला.

मी त्या दिवशी फळ्यावर एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंध काढले होते. 'एकेरीपेक्षा दुहेरी मजबूत, दुहेरीपेक्षा तिहेरी मजबूत' हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले होते. तेव्हा मागच्या बाकावरून हा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, नायट्रोजनमध्ये तिहेरी बंध आहे आणि ॲसिटिलीनमध्येही तिहेरीच आहे. मग नायट्रोजन हवेत गप्प कसा बसतो आणि ॲसिटिलीनचा भडका का उडतो?"

मी म्हणालो होतो, "परीक्षेत येणार नाही ते विचारू नकोस. बस खाली." वर्ग हसला होता.

त्याचे शिक्षण माझ्यामुळे सुटले असे मी म्हणणार नाही. घरात हातभार हवा होता, दहावीनंतर तो बापाबरोबर यंत्रमागावर गेला आणि पुढे वेल्डिंग शिकला. पण त्या दिवसानंतर त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

चहा आला, करंज्या आल्या. बशी खाली ठेवून तो हसत म्हणाला, "सर, तो ॲसिटिलीनच आता माझं पोट भरतो. पण तुमच्याकडून उत्तर राहिलंय बरं का."

मी नातवाला समोर बसवले आणि म्हटले, "ऐक. उत्तर दोघांनाही द्यायचं आहे."

आठ मागांचा कारखाना

भिवंडीत मागाचा हिशेब कळत नाही असा माणूस विरळा. आता मागांच्या जागी गोदामे उभी राहू लागली आहेत हे खरे, तरी अजून कितीतरी गल्ल्यांतून खडखडाट ऐकू येतो. म्हणून मी मागांपासूनच सुरुवात केली.

समजा, एका गल्लीतल्या प्रत्येक कारखानदाराची एकच इच्छा आहे की, आपल्या गाळ्यात आठ माग असावेत. आठ झाले की तो सुखी. पण विकत घ्यायला पैसा कोणाकडेच नाही. ऑक्सिजनशेटकडे सहा माग आहेत, नायट्रोजनशेटकडे पाच, कार्बनशेटकडे चार. हायड्रोजन हा अगदी लहान माणूस. त्याच्याकडे एकच माग, आणि त्याची हावही लहान. दोन झाले की तो तृप्त.

यावर तोड काय? भागीदारी. दोघांनी एकेक माग सामाईक गाळ्यात ठेवायचा आणि ती जोडी दोघांनीही आपापल्या वहीत मांडायची. हायड्रोजनचे दोन अणू नेमके हेच करतात. दोघांचा एकेक इलेक्ट्रॉन, त्यांची एक सामाईक जोडी, आणि दोघांच्याही वहीत दोन. झाला एकेरी बंध. पुस्तकात याला सहसंयुज बंध म्हणतात. मराठीत ज्याला आपण 'सामाईक' म्हणतो तेच ते.

पाण्यात ऑक्सिजन दोन हायड्रोजनांशी एकेक जोडी करतो. स्वतःचे सहा, हायड्रोजनांकडून आलेले दोन, एकूण आठ. अमोनियात नायट्रोजनला तीन हायड्रोजन लागतात आणि मिथेनमध्ये कार्बनला चार. सगळे एकेरी बंध, सगळ्यांच्या वह्या पूर्ण.

पण गल्लीत हायड्रोजन नसेल आणि दोन ऑक्सिजनशेटच समोरासमोर आले तर? दोघांकडे सहा-सहा. एकेक माग सामाईक ठेवून सात होतात, भागत नाही. म्हणून दोघेही दोन-दोन ठेवतात. सामाईक चार, स्वतःचे उरलेले चार, प्रत्येकाच्या वहीत आठ. हा दुहेरी बंध. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन असा दुहेरी बांधलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमध्येही कार्बनच्या दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन असाच दुहेरी जोडलेला असतो. नायट्रोजनशेटकडे पाचच, म्हणून दोन नायट्रोजन तीन-तीन माग ठेवतात. सामाईक सहा, हातचे दोन. तो तिहेरी बंध. आपल्या भोवतालच्या हवेचे शेकडा ७८ भाग या तिहेरी जोड्यांचे आहेत.

"म्हणजे आधी वही पुरी करायची, मग किती जोड्या लागतील ते ठरतं," नातू म्हणाला. अर्ध्या तासात त्याने प्रथमच तोंड उघडले होते.

हा हिशेब मांडला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गिल्बर्ट लुईस या प्राध्यापकाने, १९१६ साली. त्याची मूळ कल्पना १९०२ सालची, आणि तीही विद्यार्थ्यांना शिकवताना सुचलेली. अणूच्या नावाभोवती इलेक्ट्रॉनांचे ठिपके मांडायची पद्धत, जी आज आपली मुले वहीत गिरवतात, ती त्याचीच. १९१९ साली अर्व्हिंग लँगमूर याने या भागीदारीला इंग्रजी नाव दिले आणि व्याख्याने देऊन ती जगभर नेली. लँगमूरला पुढे निराळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लुईसला ते कधीच मिळाले नाही.

मागांचा हा हिशेब उपयोगी आहे, पण तो हिशेबापुरताच, हेही मी दोघांना सांगून टाकले. इलेक्ट्रॉन हे मागासारखे एका जागी ठोकून ठेवलेले नसतात. ते अणूंभोवती ढगासारखे पसरलेले असतात. शिवाय द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाकडे ओढला जातो, आणि त्याचे कारण ठिपक्यांच्या जोड्यांतून मिळत नाही. त्याला पुढचे शास्त्र लागते. पण वाण्याचा हिशेब करायला बीजगणित लागत नाही, तसेच पाणी, हवा, गॅस यांच्यापुरते हे ठिपके पुरतात.

फुगडी आणि तेलाचा डबा

माजघरातून फुगडीचा आवाज येतच होता. मी नातवाला म्हटले, "जरा डोकावून बघ." दोघींनी एकमेकींचा एकच हात धरला असेल तर एकीला जागच्या जागी गिरकी घेता येते आणि दुसरी स्वस्थ उभी राहू शकते. दोन्ही हात घट्ट धरले की फिरायचे ते दोघींनी मिळूनच. एकटीला गिरकी घेता येत नाही.

रेणूंतही तसेच. एकेरी बंधाभोवती अणू गिरक्या घेऊ शकतात. दुहेरी बंध झाला की ती जागा ताठ होते, आणि जो आकार असेल तो तसाच राहतो. शिवाय हात वाढले की अंतर कमी होते. कार्बनचे दोन अणू एकेरी बंधात १.५४ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात, दुहेरीत १.३४ आणि तिहेरीत १.२०. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

एवढ्याशा फरकाने काय होते, असे कोणी विचारील. त्याने आपल्या स्वयंपाकघरात जावे. तुपात किंवा वनस्पतीत सापडणारे स्टिअरिक आम्ल आणि शेंगदाण्याच्या तेलातले ओलेइक आम्ल ही दोन्ही अठरा कार्बनांची साखळी. पहिलीत कार्बन-कार्बन बंध सगळे एकेरी, दुसरीत मधोमध एक दुहेरी. फरक एवढाच. पण पहिले सुमारे ६९ अंशांना वितळते आणि दुसरे सुमारे १३ अंशांनाच. कारण सरळ साखळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. दुहेरी बंधापाशी साखळीला कायमचा बाक येतो, आणि वाकड्या काड्या पेटीत नीट बसत नाहीत. म्हणून तूप थिजते आणि तेल पातळ राहते.

माझ्या जुन्या कपाटातून दोन परीक्षानळ्या निघाल्या. एकीत तेलाचे चार थेंब, दुसरीत वनस्पती तूप, दोन्हींत टिंक्चर आयोडीन, आणि मग दोन्ही नळ्या गरम पाण्याच्या भांड्यात. दहावीच्या पुस्तकातला हा प्रयोग मी शेकडो मुलांना दाखवला असेन. तेलातला आयोडीनचा रंग हळूहळू विरत गेला. वनस्पतीत तो तसाच राहिला. तेलाच्या दुहेरी बंधातली एक जोडी उघडली आणि तिने आयोडीनला धरले. वनस्पतीत उघडायला जोड्याच फारशा नव्हत्या.

वनस्पती करतात ती अशीच. तेलातून निकेलच्या साक्षीने हायड्रोजन सोडायचा, की दुहेरी बंध उघडून एकेरी होतात आणि तेल थिजते. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला आणि मध्यमवर्गाच्या कढईत जाऊन बसला. त्या हलक्या पिवळ्या डब्यांवर कित्येक दिवाळ्या झाल्या, आणि रिकाम्या डब्यांत कित्येक तुळशी वाढल्या. पुढे कळले की, हे रूपांतर अर्धवट होते तेव्हा काही दुहेरी बंध उघडून पुन्हा मिटतात, पण मिटताना साखळीचा बाक जाऊन ती सरळ होते. त्या ट्रान्स स्निग्धांनी हृदयाला अपाय होतो. म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातले त्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या वर असू नये असा नियम आहे.

सूनबाई दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "आणि तेलातला चिवडा खवट होतो तो?" मी म्हणालो, "तोही दुहेरी बंधाचाच प्रताप. त्याच्या शेजारून हवेतला ऑक्सिजन आत शिरतो. डबा घट्ट लावून सावलीत ठेवायचा तो त्यासाठी." आयुष्यात प्रथमच माझ्या रसायनशास्त्राला स्वयंपाकघरातून मान डोलावून दाद मिळाली.

तीन भावंडे

आता मुद्द्याकडे आलो. दोन कार्बन आणि काही हायड्रोजन यांची तीन भावंडे आहेत. थोरले ईथेन. दोन कार्बनांत एकेरी बंध, हायड्रोजन सहा. मधले एथिलीन. दुहेरी बंध, हायड्रोजन चार. धाकटे ॲसिटिलीन. तिहेरी बंध, हायड्रोजन दोन.

थोरले शांत स्वभावाचे. पेटवल्याखेरीज कोणाच्या अध्यातमध्यात नसते. आपल्या घरच्या गॅसमधले प्रोपेन आणि ब्युटेन हे याच एकेरी घराण्यातले.

मधले भावंड मात्र कामसू. आंब्याची अढी घातली की आंबे एकमेकांना पिकवतात, एक पिकलेले केळे सगळी फणी पिकवते, ते काम या एथिलीनचे. फळ स्वतःच ते सोडते. फळाच्या पेशीत त्याला ओळखणारी एक जागा असते, तिथे तांब्याचा अणू असतो, आणि तो या दुहेरी बंधाला धरतो. ईथेनने फळ पिकत नाही, कारण धरायला मोकळी जोडीच नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ साली जो मोठा नॅफ्थाचा कारखाना सुरू झाला, त्यात हेच एथिलीन तयार होई. त्याच्या हजारो रेणूंच्या दुहेरी बंधांतली एकेक जोडी उघडून त्यांना साखळीत गुंफले की पॉलिथीन होते, म्हणजे आपली पिशवी.

आंबेवाले पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या ठेवीत, ते याच नात्याचा गैरफायदा घेऊन. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघते. त्या तिहेरी बंधालाही फळातली ती जागा थोडीफार धरते, पण त्यासाठी ते फार मोठ्या प्रमाणावर लागते. शिवाय कार्बाइडबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी भेसळ येते. म्हणून फळे पिकवायला कार्बाइड वापरण्यास बंदी आहे, आणि २०१६ पासून एथिलीन वायू ठरावीक प्रमाणात वापरायला परवानगी आहे.

उधारीची फेड

"आता धाकट्याचं सांगा, सर," माझा विद्यार्थी पुढे सरकला.

मी कागद घेतला. बंध तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजता येते. एक मोल म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येचा एक गठ्ठा. तेवढ्या बंधांमागे कार्बन-कार्बनच्या एकेरी बंधाला सुमारे ३४७ किलोजूल लागतात, दुहेरीला ६१४ आणि तिहेरीला ८३९. म्हणजे तिहेरी सर्वांत मजबूत, हे मी शिकवले ते खोटे नव्हते. पण मी बेरीज दाखवली, वाढ दाखवली नाही. पहिल्या जोडीने मिळवले ३४७. दुसरीने भर घातली २६७ ची. तिसरीने २२५ चीच. हात वाढत गेले आणि प्रत्येक हाताची कमाई घटत गेली.

कारण पहिली जोडी दोन अणूंच्या मधोमध, सरळ रेषेत बसते. पुढच्या जोड्यांना ती जागा मोकळी नसते. त्या वरखाली, आजूबाजूला बसतात. त्यांची पकड सैल, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागतील अशा त्या उघड्यावर असतात.

आता नायट्रोजन बघा. त्याचा एकेरी बंध अगदी दुबळा, सुमारे १६०. कारण दोघांच्याही हातात न वाटलेले इलेक्ट्रॉन शिल्लक असतात, आणि जवळ आले की ते एकमेकांना ढकलतात. पण दुहेरी होतो ४१८, आणि तिहेरी ९४५! म्हणजे दुसऱ्या जोडीने सुमारे २५८ मिळवले आणि तिसरीने ५२७. इथे प्रत्येक हाताची कमाई वाढतच गेली. जे इलेक्ट्रॉन शिल्लक राहिले ते दोन बाहेरच्या टोकांना गेले, म्हणून आता ढकलाढकलीही नाही.

"मग व्यापारी म्हणून सांग," मी त्याला म्हटले. "कार्बनला तिसरा हात एकाच भागीदाराला देऊन २२५ मिळतात. तोच हात दुसऱ्या कार्बनला दिला तर ३४७. तो काय करील?"

"भागीदारी मोडील," तो म्हणाला. "संधी मिळाली की मोडील."

"आणि नायट्रोजन?"

त्याने कागदाकडे पाहिले. "तो कशाला मोडतोय? दुसरीकडे जाऊन फायदा फारसा नाही, आणि जायचं तर आधी ९४५ मोजायचे."

एवढेच उत्तर. बंध तिहेरी आहे की एकेरी, यावर रेणूचा स्वभाव ठरत नाही. तो बंध सोडून गेल्यावर काय मिळणार, आणि सोडताना काय मोजावे लागणार, यावर ठरतो. १९९६ साली हे मला ठाऊक असते तर दहा मिनिटांत सांगून झाले असते.

ॲसिटिलीन नुसते फुटून त्याचे कार्बन आणि हायड्रोजन झाले तरी मोलमागे सुमारे २२७ किलोजूल उष्णता सुटते. त्याला हवाही लागत नाही. म्हणून ते इतर वायूंसारखे नुसते दाबून सिलिंडरमध्ये भरत नाहीत. सिलिंडरच्या पोटात सच्छिद्र भरण असते, त्यात ॲसिटोन मुरवलेले असते, आणि त्यात हा वायू विरघळवून ठेवतात. हवेत जाळले तर त्याच मोलभर वायूतून सुमारे १३०० किलोजूल मिळतात, आणि ऑक्सिजनबरोबर जाळले तर ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते. त्या ज्योतीत पितळी सळई वितळवून माझा हा विद्यार्थी मागांचे तुटलेले बिडाचे भाग सांधतो. तो म्हणाला, "सिलिंडर आडवा ठेवायचा नाही, दाब वाढवायचा नाही, हे माझ्या उस्तादानं मारून शिकवलं. का, ते आज कळलं."

मग मी नातवाकडे वळलो. स्वयंपाकाचा गॅस हवेत शेकडा दोन ते साडेनऊ भाग असला तरच भडकतो. ॲसिटिलीन अडीच भागांपासून ऐंशीपर्यंत, म्हणजे जवळजवळ कितीही असले तरी भडकते. त्यात अंदाज चालत नाही. त्या नळीतून बार उडाला नाही की पोरे आत डोकावून बघतात, आणि नेमका तेव्हाच तो उडतो. वर कार्बाइडपासून उरलेला चुना डोळ्यात जातो, तो बुबुळ भाजून काढतो.

नातू बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव सांगितलं ते चुकलं."

"नाव सांगितलंस ते चुकलंच," मी म्हणालो. "पण मला विचारलं नाहीस, ते का?"

"तुम्ही 'अभ्यास कर' म्हणाला असतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावर ऐकू गेलेले वाक्य घरातही ऐकू जात होते तर.

निघताना विद्यार्थ्याने दारात एक प्रश्न टाकलाच. "सर, नायट्रोजन इतका घट्ट, मग शेतातल्या खतात तो येतो कसा?" मी त्याला सांगितले की, तो घट्ट हात सोडवायची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली दाखवली आणि कार्ल बॉश याने १९१३ साली तिचा कारखाना उभा केला. लोखंडाच्या साक्षीने, चार-पाचशे अंश उष्णतेत आणि हवेच्या दोनशे पट दाबाखाली नायट्रोजन हायड्रोजनाला हात देतो आणि अमोनिया होतो. आपल्याजवळ तुर्भ्याला १९६५ पासून खताचा कारखाना चालतो तो याच युक्तीवर. आपल्या ताटातल्या भातापोळीत असा सोडवलेला नायट्रोजन असतोच. आणि हाच हिशेब उलटा झाला की काय होते, ते दिवाळीत दिसते. फटाक्यातल्या काळ्या दारूत सोरा असतो. त्यातले नायट्रोजनचे अणू मोकळे होऊन पुन्हा आपल्या तिहेरी जोडीत जातात, आणि बाराला जोर येतो तो काहीसा त्या मिलनाच्या आनंदाने.

तो पायरी उतरला, आणि परत वळून म्हणाला, "सर, माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. फार प्रश्न विचारते. मला येत नाहीत."

"रविवारी पाठव."

"तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. मला येईल ते सांगेन. नाही आलं तर येत नाही म्हणून सांगेन, आणि दोघं मिळून पुस्तकात बघू."

ती आता दर रविवारी येते. आमचा नातूही तिच्या शेजारी येऊन बसतो, आणि आजपर्यंत त्या दोघांनी मला तीन वेळा 'येत नाही' म्हणायला लावले आहे. पहिल्यांदा जड गेले. तिसऱ्यांदा तितकेसे गेले नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा फराळाचे डबे उघडले असतील आणि अंगणात पोरे फटाके वाळत घालीत असतील. त्यांतले एखादे तुमच्याजवळ येऊन काहीतरी विचारील, जे परीक्षेत येणार नाही. तेव्हा एवढेच करा. हातातली करंजी खाली ठेवा, आणि त्याला 'बस' म्हणायचे झालेच तर शेजारी बस म्हणा.